नानांची बाटली

साहेबांनी फळीकडे बोट दाखवलं आणि धाकटा मालक गल्ल्यामागून पुढे झाला.

“ती वरची बाटली कोणाची?”

“वडिलांची. विकायची नाही साहेब, घरची आहे.”

“हॉटेलात आहे ना? उघडलेली आहे ना?” अबकारीच्या साहेबांचा आवाज जराही चढला नव्हता. “नवा नियम तेवढंच विचारतो.”

नियमांचं आताशा हवामानासारखं झालं होतं. आधी बार बंद करायची वेळ बदलली. मग जेवणाशिवाय पेला द्यायचा नाही असं आलं, आणि लोकांना पाठ होईपर्यंत ते गेलंही. आता निघालं होतं की हॉटेलात उघडी सापडलेली प्रत्येक बाटली तपासायची. एकीत जरी भेसळ निघाली तरी परवाना रद्द. रडगाणं नंतर गायचं. आणि सगळं घर त्या परवान्यावर चालत होतं.

नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या ठेवलेल्या बाटल्या धाकट्या मालकानं केव्हाच परत करून टाकल्या होत्या. राहिली होती ती नानांची. ती आज दुपारी हलवायची ठरली होती, आणि साहेब सकाळीच टपकले. टेबलांवर खुर्च्या अजून उलट्या होत्या.

नानांच्या बाटलीत चहा होता.

डॉक्टरांनी नानांना थेंबही घ्यायचा नाही असं सांगितलं, तेव्हा नानांनी डॉक्टरांचीच अक्कल काढली होती. समजावून झालं, भांडून झालं, अबोला धरून झाला. शेवटी सुनेनं डोकं चालवलं. कोरा चहा गाळायचा, साखर करपवून रंग आणायचा आणि बाटलीत भरायचा. तपकिरीनं नानांचं नाक कधीच कामातून गेलेलं; वरून सोडा पडला की काय कळणार? पहिल्या दिवशी नवराबायकोचा जीव टांगणीला लागला होता. नानांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, “फार कडक आहे. सोडा वाढव.”

झालं. तेव्हापासून रोज संध्याकाळी नाना कोपऱ्यातल्या टेबलावर बसून चहा प्यायचे, आणि तो त्यांना चढायचाही. एरवी सुनेशी कामापुरतं बोलणारा हा माणूस पेला रिकामा झाला की विरघळायचा. “तू आलीस म्हणून हे हॉटेल उभं आहे, सूनबाई. पोराच्या भरवशावर राहिलो असतो तर केव्हाच टाळं लागलं असतं.” सकाळी कोणी आठवण करून दिली तर म्हणायचे, “मी बोललो? छे! दारू बोलली असेल.”

“चहावर एवढं कौतुक,” सून नवऱ्याला हसून सांगायची. “खरी असती तर माझा पुतळाच उभारला असता.” पण त्या कौतुकासाठी ती संध्याकाळची वाट बघायची, हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

“काढता ना?” साहेब म्हणाले.

“साहेब, वडिलांचं वय झालंय, त्यांचं ते काहीतरी...”

“दे की काढून,” कोपऱ्यातून आवाज आला. नाना आज कधी नव्हे ते सकाळीच येऊन पेपर वाचत बसले होते. “नियम तो नियम.”

धाकट्या मालकानं बापाकडे असं बघितलं की दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. त्यानं स्टुलावर चढून बाटली काढली. हातातून सोडून द्यावी, होऊ दे काय व्हायचं ते, असंही मनात आलं.

“जपून रे,” नाना म्हणाले. “पाडशील.”

साहेबांनी काचेच्या उभ्या भांड्यात बाटलीतलं ओतलं आणि आकडे असलेली नळी त्यात सोडली. पाणी असलं की ती वर तरंगायची. स्वयंपाकघराच्या दारातून सून पुढे आली.

“साहेब, एक सांगायचंय. ही चूक माझी—”

“त्यांना काम करू दे, सूनबाई.”

नळी खाली गेली, आणखी खाली गेली आणि थांबली.

“चोख माल आहे,” साहेब म्हणाले. “पाण्याचा थेंब नाही.” त्यांनी सामान आवरलं आणि निघून गेले.

धाकट्या मालकानं बाटली नाकाशी नेली आणि झटक्यात लांब केली. परवाना वाचल्याचा आनंद त्याला झालाच नाही.

“नाना! म्हणजे तुम्ही चोरून बदलून पीत होता? आम्ही तिकडे चहा गाळतोय आणि तुम्ही इथे जिवाशी खेळताय?”

सुनेनं एक खुर्ची उतरवली आणि तिच्यावर मटकन बसली. डॉक्टरांचे शब्द तिला आठवले. मग दुसरंही काही लक्षात आलं, आणि ते जास्त लागलं: म्हणजे ते सगळं कौतुक खरंच दारूचं होतं.

नानांनी पेपरची घडी केली. नव्या नियमाची बातमी वर आली.

“ती आधी मोरीत ओत,” ते मुलाला म्हणाले. “आज सकाळी भरताना वासानं डोकं उठलं माझं.” मग सुनेकडे वळले. “आणि संध्याकाळी माझं नेहमीचं दे, सूनबाई. फक्त साखर जरा कमी घालत जा.”