त्र्याण्णव अंश

लेसोथोतल्या आमच्या डोंगरावरच्या शाळेत प्रयोगाचा तास चालू होता. पाणी उकळलं आणि लिनेओने वहीत त्र्याण्णव अंश लिहिले. बाकी सगळ्या गटांनी शंभर लिहिले होते. "पुस्तकात शंभर आहे, महाराणी! तुझ्यापायी आमचेही गुण जातील," तिच्या गटातला खोत्सो कुजबुजला. "पारा पुढे सरकतच नाही, मी काय करू?" तेवढ्यात सर मागे येऊन उभे राहिले. लिनेओ घाबरली, पण आकडा तिने बदलला नाही. "न्ताते," ती सरांना आदराने म्हणाली, "मला दिसलं तेच लिहिलंय." सरांनी वाकून पारा पाहिला. "बरोबर आहे. इतक्या उंचीवर पाणी शंभराच्या आधीच उकळतं. म्हणून तर आपला घेवडा शिजता शिजत नाही!" लगेच सगळे शंभर खोडून त्र्याण्णव लिहू लागले. "पेन खाली!" सर कडाडले. "तिचा आकडा उतरवू नका. पाणी पुन्हा ठेवा आणि आपापला पारा बघा."