सुरुवातीचे तीन ठोके

“परत एकदा तेच,” ड्रमर म्हणाला आणि काठीने ड्रमच्या कडेवर ठोकलं. टक, टक... टक.

गायकाने तोंड वाकडं केलं. बँडची स्वतःची एकतीस गाणी धूळ खात पडली होती आणि पब्लिकला हवं होतं हे एकच, तेही दुसऱ्याचं. जुन्या कॅसेटवरच्या कुणा अनोळखी पोरीचं. कॅसेटवर गाण्याआधी तीन ठोके होते, म्हणून यांनीही ठेवले. कॅसेट जुन्या बाजारात मिळाली, हे तो मुलाखतींत इतक्यांदा सांगत आला होता की आता त्याचं त्यालाच ते खरं वाटायचं.

बाबांनी टॅक्सी चालवून त्याला गिटार घेऊन दिली होती. पोराच्या गाण्याबद्दल त्यांनी कधी ब्र काढला नाही. हे गाणं लागलं की मात्र रेडिओ बंद. “दुसरं काहीतरी गा की.”

दुपारी तालीम संपता संपता दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली.

“आजी, तिकिटं खाली मिळतात,” ड्रमर म्हणाला.

“तिकीट नको. ते ठोके माझे आहेत.”

“घ्या. आता ठोक्यांनाही मालक निघाले.”

म्हातारीने दारावर ठोकलं. दोन लागोपाठ, जरा थांबून तिसरा. ड्रमरचं हसू मावळलं.

“माझी पोरगी न्हाणीघरात गायची. आवाज घुमतो म्हणून टेपही तिथेच केलं. जेवण निवत होतं, मी बाहेरून दार ठोकत होते. तीच कॅसेट पर्समध्ये टाकून रेडिओ केंद्रावर द्यायला निघाली. पोचलीच नाही. ना ती मिळाली, ना पर्स. सव्वीस वर्षं झाली.”

ड्रमरने काठ्या खाली ठेवल्या.

“गाणं तुम्हालाच लखलाभ. मला एवढंच सांगा, कॅसेट कुणाकडून आली?”

“जुन्या बाजारातून,” गायक म्हणाला. “फुटपाथवर घेतली. विकणारा आठवत नाही, मावशी.”

“मग एकेकाला विचारते.”

कठडा धरून, एकेक पायरी मोजत ती जिना उतरली. तिने रस्ता ओलांडेपर्यंत गायक खिडकीत उभा राहिला. मग त्याने फोन लावला.

“बाबा, टॅक्सी भंगारात दिली, तेव्हा मागच्या सीटखालून ती कॅसेट निघाली होती ना. कुणाची होती ती?”

पलीकडे वाजणारा रेडिओ बंद झाला.

“तिची आई आली का?” बाबांनी विचारलं.