"कुणाकडे, सिस्टर?"

स्कूटर थांबायच्या आतच दार उघडलं होतं. दारातल्या बाईचा चेहरा पांढराफटक पडला होता. "कुणाकडे, सिस्टर? काय झालं?"

"कुणाकडे नाही हो. सहज. फिरायला आलोय."

बाईला ते पटलं नाही. तिने समोरच्या घरात हाक मारली, तिथून दोन डोकी बाहेर आली, आणि गावात कुणाचं काय बिनसलंय याची चौकशी सुरू झाली. स्कूटरवर मागे बसलेल्या मास्तरांनी नकाशा उघडला आणि पुन्हा मिटला. सकाळपासूनचं हे तिसरं गाव. तिन्ही ठिकाणी हाच प्रकार.

मास्तरांनी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. हे द्वीपकल्प ते फळ्यावर डोळे मिटून काढत. पण शहराच्या नाक्यापलीकडे प्रत्यक्ष कधी आलेच नव्हते. सुट्टी लागली की पेपर, पेपर संपले की शिकवण्या. बायको मात्र नर्स. याच रस्त्यांवर तिची स्कूटर रोज पळायची. आता दोघंही निवृत्त झाले होते. रविवारी घर आवरून कायमचं मुलाकडे जायचं, असं मास्तरांनी ठरवलं होतं. तिथे नात होती, तिला जवळ बसवून नकाशे दाखवायचे होते. बायको "बरं" म्हणाली होती. तेव्हा जाण्याआधी एकदा सगळं नजरेखालून घालायचं: सात गावं, चार किनारे, पडका बुरूज आणि अगदी टोकावरचं दीपगृह.

पण ती कुठे टेकेल तर शपथ! बुरुजाच्या पायऱ्या ती चढलीच नाही. पांढऱ्या वाळूवर मास्तर तिला वाळूचा दांडा कसा तयार होतो ते सांगू लागले, तर तिची नजर गावातल्या घरांकडे. मधूनच तिचा हात खांद्याकडे जायचा, घसरणारं काही सावरल्यासारखा. खांद्यावर काहीच नव्हतं. औषधांची पिशवी तिने दहा दिवसांपूर्वी दवाखान्यात जमा केली होती.

"पाहिलं ना? चला."

"अगं, आत्ता तर आलो!"

"समुद्र काय, पुढच्या गावातही हाच आहे."

काळ्या खडकांच्या किनाऱ्यावर मास्तरांचा पारा चढला. "तुझ्या पायाला काय भिंगरी लागलीय का? तू इतकी वर्षं मनसोक्त हिंडलीस. मला एक दिवस धड बघू देत नाहीस!"

"मी कुठे हिंडले हो?" ती म्हणाली. "हा किनारा मी आज पहिल्यांदाच बघतेय. माझी वाट त्या घरांपर्यंतच."

मास्तरांनी नकाशा घडी घालून खिशात ठेवला. ते स्कूटरवर मागे बसले.

दीपगृहापाशी पोचेपर्यंत ऊन कललं होतं. खाली एक बसकं घर होतं. ओट्यावर दीपगृहाचा जुना राखणदार बसला होता, एक पाय स्टुलावर ठेवून. पायाची पट्टी मळून सुटायला आली होती.

"आलीस?" म्हातारा म्हणाला. "नवी सिस्टर अजून कुणी नेमलीच नाही बघ. सून बांधते, पण तिला जखमेकडे बघवत नाही."

"पाणी उकळत ठेव गं," तिने आत सुनेला सांगितलं. "आणि फळीवरचा निळा डबा काढ, त्यात पट्ट्या असतील." मग साबणाने हात धुऊन ती जमिनीवर बसली आणि म्हाताऱ्याची टाच तिने मांडीवर घेतली. "अहो, हे भांडं धरा. हलवू नका."

मास्तरांनी भांडं धरलं. बायकोला काम करताना ते पहिल्यांदाच पाहत होते. जखमेला चिकटलेलं कापड ती पाण्याने भिजवून धाग्याधाग्याने सोडवत होती. म्हातारा तिला शेलक्या शिव्या घालत होता.

"घाला, घाला," ती हसून म्हणाली. "शिव्या सुचतायत म्हणजे अंगात जोर आहे."

तासभर गेला. दीपगृह बघायची वेळ संपली, पहारेकऱ्याने दाराला कुलूप घातलं. मास्तरांना ते दिसलं. ते जागचे हलले नाहीत.

पट्टी बांधून झाली तरी ती उठली नाही. भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसली. सुनेने आणलेला चहा दोन्ही हातांनी धरून सावकाश पिऊ लागली.

"पुढची पट्टी कधी?" म्हाताऱ्याने विचारलं.

तिने कप खाली ठेवला.

"सोमवारी," मास्तर म्हणाले.

तिने चमकून वर पाहिलं. "अहो, सोमवारी आपण मुलाकडे असू."

"तुला जायचंय का?" मास्तरांनी विचारलं. "मी विचारलंच नव्हतं."

"नाही," ती म्हणाली, इतक्या चटकन, की तो शब्द कित्येक दिवस तिच्या ओठांवरच थांबला असावा.