पट्टीमागचे हात

कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या बाईंनी सुट्टीभर खपून खुणांच्या भाषेत विज्ञानाचे धडे रेकॉर्ड केले आणि एका शैक्षणिक पोर्टलला फुकट दिले. आज वर्गात त्यांनी पहिला धडा लावला, तर पडद्यावर त्यांचा नुसता चेहरा! हातांवर भलीमोठी लाल पट्टी चिकटवलेली: ‘सर्वांसाठी मोफत शिक्षण’. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी तिथूनच पोर्टलवाल्याला फोन लावला. “अहो, माझे हात झाकलेत तुम्ही!” “मॅडम, पट्टी देणगीदारांना दिसायलाच हवी. आणि आम्ही छान आवाजही टाकलाय की!” “माझ्या पोरांना ऐकू येत नाही हो!” “मग आवाज वाढवून बघा ना.” बाई अशा कडाडल्या, की शेजारच्या वर्गांतले शिक्षक खडू टाकून धावत आले. बाईंच्या वर्गात मात्र कुणी दचकलंसुद्धा नाही. पोरं माना वाकड्या करून पट्टीमागे बाईंचे हात शोधत होती.