डॉसकाका

तिसरा दिवस उजाडला आणि कारखान्यातला जो तो काच तडकायची वाट बघू लागला.

काच कापणारं ते यंत्र फार जुनं होतं. ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. यंत्राला जोडलेला कॉम्प्युटर इतकी वर्षं डॉसवर चालत आला होता. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. ना माउस, ना चित्र. कुठली आज्ञा कधी द्यायची हे एकाच माणसाला तोंडपाठ होतं. सगळे त्याला डॉसकाका म्हणायचे.

नवं काही आणायचा प्रयत्न मालकांनी तीनदा करून पाहिला होता. आधी विंडोज पंच्याण्णव, काही वर्षांनी एक्सपी, मग लिनक्स. दर वेळी दोन दिवस सगळं सुरळीत चालायचं. तिसऱ्या दिवशी कापायचं चाक वेळेआधीच खाली उतरायचं आणि अख्खी काच तडकायची. मग काका कपाटातून फ्लॉप्या काढायचे, डॉस परत चढवायचे, आणि यंत्र पुन्हा गरीब गाय व्हायचं. लिनक्सच्या वेळचा इंजिनिअर तर अगदी पोरसवदा होता. त्याच्या कंपनीने त्याला फोनवरच काढून टाकलं. तो फाटकापाशी पायरीवर बसून रडत होता. काकांनीच त्याला पाणी नेऊन दिलं होतं.

या चौथ्या वेळी आलेली इंजिनिअर म्हणजे काकांची मुलगी.

तिला नोकरी लागून पाच महिने झाले होते. सहावा संपला की कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. हे काम कंपनीने तिच्या गळ्यात मारलं, त्या दिवशी तिने घरी येऊन चाचरत विचारलं होतं, "बाबा, हे चाललं तर तुमचं काय?"

"माझं काय? मला तिथे दहा कामं आहेत," बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले होते.

नंतर महिनाभर ते रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसले. यंत्राची एकेक खोड त्यांनी तिला सांगितली. ती लिहून घेत गेली. इतकं बोलताना तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. चाकाचं तेवढं त्यांनाही कोडं होतं. "बिघडायचं खरं," एवढंच ते म्हणाले.

दुपारपर्यंत काही झालं नाही. जेवणाची घंटा वाजली तसे कामगार उठले. "जेवून घ्या ताई, नंतर घास उतरायचा नाही," एकाने गंमत केली. कुणी हसलं नाही.

ती मागच्या अंगणात गेली आणि आईला फोन लावला.

"आज संध्याकाळपर्यंत टिकलं ना आई, तर मी कायम. आणि नाही टिकलं तर..." तिला रडू आलं. "मागच्या वेळचा तो मुलगा इतक्या वर्षांनीही धड कुठे लागलेला नाही म्हणे. मला फार भीती वाटतेय गं."

डोळे पुसून ती परत वळली. यंत्राच्या खोलीची अंगणाकडची खिडकी उघडीच होती. आत आली तर तिच्या खुर्चीवर बाबा बसलेले.

"जेवला नाहीत?"

"भूक नव्हती." टेबलाला हात टेकून ते उठले. चेहरा राखेसारखा झाला होता. उन्हाळ्यामुळे असेल, असं तिला वाटलं.

घंटा झाली. यंत्र सुरू झालं. सगळे कामं सोडून भोवती उभे राहिले. चाक खाली आलं, काचेवर टेकलं, सरळ रेघ ओढत गेलं. काच दोन तुकड्यांत अलगद सुटली. मग दुसरी. मग तिसरी. विसाव्या काचेला लोकांना कंटाळा आला आणि ते आपापल्या जागी गेले.

संध्याकाळी मालक खुशीत होते. त्यांनी तिचं कौतुक केलं, मग बाबांचा हात हातात घेतला. "काका, खूप केलंत. आता एक तारखेपासून घरी आराम करा."

"पण बाबांना इथे दुसरी कामं..." ती म्हणाली.

मालकांना खरोखरच कळेना. "दुसरी कुठली? डॉस दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, म्हणून तर काकांना थांबवून घेतलं होतं."

बाबा चष्मा पुसत राहिले.

सगळे गेल्यावर ती अहवाल लिहायला बसली. यंत्राच्या आकड्यांत कुणी काही बदललं तर त्याची वेळेसह नोंद ठेवायची सोय तिने या वेळी घातली होती. बाबांना सांगण्याएवढी ती मोठी गोष्ट नव्हती. आजच्या नोंदी दोनच होत्या. चाकाने खाली येण्याआधी किती थांबायचं, तो आकडा. एक वाजून बारा मिनिटांनी चाळीसचा चार केलेला. एक वाजून एकोणीस मिनिटांनी चारचा पुन्हा चाळीस.

तिने त्या दोन ओळी परत परत वाचल्या. एक वाजता जेवणाची सुट्टी होते. तेव्हा ती अंगणात होती.

बाबा डबा घेऊन दारात उभे होते. तिच्या पाठीकडे बघून त्यांना काय समजायचं ते समजलं.

"दिसतं का त्यात?"

"दिसतं." ती वळली नाही. "आधीच्या तिन्ही वेळा तुम्हीच?"

बाबांनी डबा खाली ठेवला.

"तो मुलगा पायरीवर बसून रडत होता, बाबा. तुम्ही त्याला पाणी दिलंत. तेव्हा नाही का काही वाटलं?"

बाबा म्हणाले, "तेव्हा तू लहान होतीस."