दोन पाकिटं, एक संडास

"हे पाणी नाही गं, समुद्र आहे समुद्र!" जयवंतने ग्लास पुन्हा ओट्यावर ठेवला.

पोट साफ करायची पावडर होती ती. दुपारी दुर्बीण आत जायची होती, आणि तीही मागच्या दाराने. थोरल्या भावाला, धोंडिरामला, मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला होता. वीतभर आतडं कापावं लागलं, केमो अजून चालू होती. सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जयवंतने आधी गणपती पुढे केले, मग शिमगा, मग मावसभावाचं लग्न. शेवटी मुलीने, अपूर्वाने, परस्पर तारीख घेतली आणि पावडरीची दोन पाकिटं आणून ठेवली. पहिलं बाबा बेसिनमध्ये ओतणार याची तिला खात्री होती.

"भावोजींचं काय झालं ते बघितलंत ना?" सुलक्षणा म्हणाली. "तुमचं तर विचारायलाच नको. दर रविवारी मटण, इतकी वर्षं सिगारेट, आणि सोफ्यावरून उठायचं ते जेवायला. प्या मुकाट्याने."

"बोलायला काय जातंय? तू पिऊन दाखव!"

सुलक्षणा पहाटे चालायला जाणारी, नाचणीची भाकरी आणि पालेभाजी खाणारी बाई. पण पैज दिसली की तिचा तोल जायचा. नवरा उपाशी म्हणून कालपासून तीही पेजेवर होती. तिने दुसरं पाकीट फोडलं, पाण्यात ढवळलं आणि नाकसुद्धा न दाबता पहिला ग्लास रिकामा केला. आता जयवंतला तोंड लपवायला जागा उरली नाही. तिचा एक, त्याचा एक, असं करत दोघांनी तांबे संपवले. मुलुंडच्या त्या वन बीएचकेत दोघं सोफ्यावर बसून वाट बघू लागले.

मग वाट लागली. माणसं दोन, संडास एक.

पहिली धाव सुलक्षणाने जिंकली. जयवंत बाहेर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागला.

"अगं, पेशंट मी आहे!"

"पाकीट मीपण संपवलंय!" आतून उत्तर आलं.

तो टॉवेल सावरत समोरच्या नंदकुमारांच्या दारावर जाऊन धडकला. नंदकुमार बँकेतून निवृत्त झालेले, अगत्याचे गृहस्थ. दार उघडून ते प्रसन्न हसले.

"या, या जयवंतराव. बसा."

"बसायलाच आलोय!" म्हणत जयवंत त्यांना ओलांडून आत घुसला.

दुपारी नंदकुमारांनीच दोघांना आपल्या गाडीने हॉस्पिटलात नेलं. मागच्या सीटवर त्यांनी आधी प्लास्टिक अंथरलं. प्रत्येक गतिरोधकाला तिघेही देवाचं नाव घेत होते.

डॉक्टर रुचिरा तरुण होत्या आणि कडक होत्या. "पोट पूर्ण साफ झालंय ना?"

"दोघांचंही," नंदकुमार म्हणाले.

सगळा प्रकार ऐकून डॉक्टर भडकल्या. "औषध आहे ते, सरबत नाही! किडनीचा, हृदयाचा त्रास असता म्हणजे?" मग त्या सुलक्षणाकडे बघत राहिल्या. "वय काय तुमचं?"

"चोपन्न."

"कधी तपासणी केलीये?"

"मला काय धाड भरलीय?"

"पन्नाशीनंतर एकदा बघावंच. माझा पुढचा पेशंट घाबरून आलेला नाही. तुमचं पोट रिकामं, माझं टेबल रिकामं. रक्त आणि ईसीजी ठीक निघालं तर बघून टाकू."

"नको बाई. माझ्या माहेरी असलं काही नाही."

"टरकली ना?" जयवंत म्हणाला. सकाळपासून तो याच क्षणाची वाट बघत होता.

"गाऊन कुठाय?" सुलक्षणाने नर्सला विचारलं.

आधी जयवंतचा नंबर लागला. तो गुंगीतून जागा झाला तेव्हा सगळं आटोपलं होतं. आतडं आरशासारखं स्वच्छ. त्याने लगेच भावाला फोन लावला आणि गावच्या मालवणीत ओरडला. "दादा, सगळा साफ आसा!"

"मगे बोंबलतंस कित्याक, मेल्या?" धोंडिराम म्हणाला, आणि तिकडे स्वतःच घरभर ओरडून सांगत सुटला.

मग जयवंत नंदकुमारांना समजावत बसला की आतडी मटणानेच मजबूत होतात. बायको बाहेर आली की तिला काय काय ऐकवायचं, हेही त्याचं ठरत होतं. तेवढ्यात डॉक्टर एक फोटो घेऊन आल्या. आतड्याच्या गुलाबी भिंतीवर अळंबीसारखं काहीतरी उगवलेलं दिसत होतं.

"असे कोंब वर्षानुवर्षं गुपचूप वाढतात. दुखत नाहीत, खुपत नाहीत. त्यातलाच एखादा पुढे कॅन्सर होतो. हा बराच मोठा होता. तारेच्या फासाने मुळापासून काढलाय, आता तपासायला पाठवतेय."

"कोणाचा हा?"

"मिसेसचा."

जयवंत हसला. "फोटो बदलले असतील, डॉक्टर. मटण मी खातो. सिगारेट मी ओढायचो. ती रोज पहाटे चालायला जाते."

"चालणाऱ्यांनाही होतो. धोका कमी असतो, पण असतो."

"पण दादा माझा आहे!" जयवंत उठून उभा राहिला. "पुन्हा बघा ना नीट. तो माझाच असणार. मी परत झोपतो टेबलावर, हवं तर परत पितो ते पाणी!"

नंदकुमारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या हाताने त्याचा मागून उघडा पडलेला गाऊन धरला.

पुढे रिपोर्ट आला. तो कोंब कॅन्सर नव्हता, पण त्या वाटेला लागलेला होता आणि सगळाच्या सगळा निघाला होता. आता काही वर्षांनी पुन्हा बघायचं, एवढंच. पण हे नंतरचं. त्या दुपारी जयवंतला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

सुलक्षणा डोळे किलकिले करून त्याला शोधत होती. "काय हो," ती जड जिभेने म्हणाली, "काही निघालं का?"

जयवंतने तिचा सलाईनचा हात अलगद धरला.

"निघालं. माझंच होतं," तो म्हणाला. "चुकून तुझ्या पोटात सापडलं."