चावी द्यायची राहिली

तिच्या बाबांनी हो म्हटलं तरच लग्न, असं ठरलेलं. आणि मी त्यांच्या घरी पोचलो पाऊण तास उशिरा.

झालं असं की माझ्याकडे सतरा जुनी मनगटी घड्याळं आहेत. सगळी भंगारवाल्यांकडून, जुन्या बाजारातून स्वस्तात उचललेली. त्यातलं सगळ्यात देखणं घातलं, पण गडबडीत चावीच दिली नाही. ते सव्वाचारला बंद पडलं आणि मी आपला निवांत शर्टाला इस्त्री करत बसलो.

"सतरा घड्याळं आणि तरी उशीर?" बाबा म्हणाले. पोरीने सगळं आधीच सांगून ठेवलं होतं.

"चावी द्यायला विसरलो, काका." थाप मारायचंही सुचलं नाही.

"काढ ते. इकडे दे."

संपलं, म्हटलं. बाबांनी घड्याळ कानाला लावलं, हळूहळू चावी दिली, खिडकीपाशी नेऊन बघितलं.

"काच नवीन?"

"नाही, टूथपेस्टने घासलीय."

"आणि डायलवरचा हा डाग?"

"मूळचा आहे. मुद्दाम तसाच ठेवलाय."

बाबा तडक आत गेले आणि बुटांचा एक खोका घेऊन आले. आत जुन्या मोज्यांमध्ये गुंडाळलेली घड्याळं. आम्ही दोघं सतरंजीवर बसलो ते तासभर उठलोच नाही.

शेवटी तिची आई दारात येऊन बघून गेली आणि लेकीला म्हणाली, "या दोघांचं जमलं गं. तू तुझ्यासाठी दुसरा कोणी बघ."